पवनारची पांढरी

शाळेत आपण रायगड, प्रतापगड, पन्हाळा पाठ केले. समुद्रपूरहून तिकडे जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. आपल्या वर्धा जिल्ह्यात मात्र किल्ला म्हटले की कोणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. इतिहासाचे सर तेवढे पुस्तक मिटून पवनारच्या पवन राजाची गोष्ट सांगत. राजाजवळ परीस होता, म्हणून तो शेतसारा लोखंडी फाळांत घेई आणि त्यांचे सोने करी. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, तो परीस आता कोठे आहे?" आपल्या गिरडच्या टेकडीवर याच्या उलट कथा. तिथे शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले. ते गोल दगड आपण सर्वांनी खिशात भरून घरी आणलेले आहेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे जुने वर्गमित्र जाममार्गे पवनारला गेलो. लोक तिथे जातात ते विनोबांच्या आश्रमासाठी, धाम नदीच्या पात्रासाठी. आम्ही किल्ला शोधायला निघालो होतो.

किल्ला होता, यात शंका नाही. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला. त्यानंतर अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची सरकारे नोंदवली, त्यांत पवनार हे एक स्वतंत्र सरकार आहे. उंचवट्यावरचा बळकट किल्ला, तीन बाजूंनी दोन प्रवाहांचा वेढा, असे त्याचे वर्णन तो करतो. आज हे वर्णन घेऊन गावात फिरले तर उंचवटा सापडतो, पाणी सापडते. किल्ला सापडत नाही. एका म्हाताऱ्या बाबांना विचारले तर त्यांनी पायाखाली बोट दाखवले. "हाच तर किल्ला. तुम्ही त्याच्यावरच उभे आहात जी."

बाबांचे म्हणणे खरे होते. विदर्भातले मातीचे कोट कोणी तोफा लावून पाडलेच पाहिजेत असे नाही. राखण करणारा गेला की पावसाळे भिंती उतरवतात आणि गावकरी पांढरी माती घर सारवायला, धाब्यावर टाकायला नेतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. कोटाच्या भिंती अशा घरांच्या भिंती होतात. त्यात १८६२ साली वर्धा जिल्हा निर्माण झाला आणि १८६६ साली ठाणे पालकवाडीच्या जागी वसवलेल्या नव्या वर्धा शहरात गेले. तिकडून रेल्वे गेली, आणि जुने सरकारी ठाणे साधे खेडे उरले.

पण ही पांढरी मोगलांहून कितीतरी जुनी आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनांच्या आधीपासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर त्यांना मिळाले. वा. वि. मिराशींच्या मते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच. मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक तो मान मनसरला देतात. मला मिराशींचे पटते, पण त्यात वर्धेकराचा पक्षपात नाही असे म्हणवत नाही.

विनोबा १९३८ मध्ये येथे राहायला आले. जमीन खणताना त्यांना भरत-राम भेटीचे शिल्प मिळाले. त्याच्या सहा वर्षे आधी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी नेमक्या याच प्रसंगाच्या चित्राची इच्छा बोलून दाखवली होती. आश्रमात ते शिल्प आजही पाहता येते.

गावात एका घराचा पाया खणणे चालू होते. खड्ड्याच्या कडेला राखेचा पट्टा, खापरांचे तुकडे, पुन्हा माती. मजूर खापरे घमेल्याने रस्त्यावर भर म्हणून टाकत होते. घर बांधणाऱ्याला दोष कसा द्यायचा? त्यालाही पक्के घर हवेच. पण असे पाच-पंचवीस पाये आणखी खणले गेले की अबुल फजलने लिहिलेला उंचवटाही ओळखू येणार नाही.

सर, मेळाव्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघणार आहोत. गाडीत तुमची जागा राखून ठेवली आहे. चढ फारसा नाही.