क्रॉफर्ड प्रकरण आणि लाच देणाऱ्याची साक्ष

लाच हा दोघांनी मिळून केलेला गुन्हा असतो आणि त्याचा साक्षीदार बहुधा त्या दोघांवाचून तिसरा कोणी नसतो. घेणारा बोलणार नाही हे उघडच आहे, आणि देणाऱ्याला बोलायचे झाल्यास आपण दिली हे आधी कबूल करावे लागते. राज्यकर्त्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या लाचखोरीबद्दल लोकांचा संताप कितीही मोठा असला तरी चौकशीचे गाडे पुष्कळदा याच ठिकाणी येऊन अडते. हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा चव्हाट्यावर आला तो १८८८-८९ साली, पुण्यात गाजलेल्या क्रॉफर्ड प्रकरणाच्या निमित्ताने. टिळकांच्या चरित्रात हे प्रकरण एका परिच्छेदात आटोपले जाते. परंतु भ्रष्टाचाराच्या चौकशीतील जवळजवळ प्रत्येक पेच त्यात पुरता उघडा पडलेला दिसतो.

अधिकाराच्या जागेसाठी पैसे मोजण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नव्हती. पेशवाईच्या उत्तरकाळात मामलेदाराच्या, म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हिशेबात ‘दरबारखर्च’ नावाची एक बाब असे. हिशेब तपासणारे आणि दरबारातील वजनदार माणसे यांची मर्जी राखण्यासाठी होणारा हा खर्च आरंभी गुपचूप केला जाई आणि पुढे तो इतका रूढ झाला की त्याला दप्तरात जागा मिळाली. त्याच्याही खालचा, कागदावर न येणारा व्यवहार ‘अंतस्थ’ या नावाने ओळखला जाई. दुसऱ्या बाजीरावाने मामलती इजाऱ्याने, म्हणजे अधिक रक्कम कबूल करील त्याला, देण्याचा सपाटा लावला, तेव्हा मामलेदाराने भरलेला पैसा रयतेकडून व्याजासह वसूल होणार हे ठरूनच गेले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे.

नव्या राज्यात इजारा गेला आणि मामलेदार पगारी नोकर झाला. तालुक्याची महसूलवसुली, तिजोरी आणि कनिष्ठ दर्जाचे फौजदारी अधिकार त्याच्या हाती आले, त्यामुळे हिंदी माणसाला महसूल खात्यात मिळू शकणाऱ्या जागांत ही जागा मोठ्या मानाची ठरली. मात्र तिच्यावरील नेमणूक, बढती आणि बदली यांच्या नाड्या विभागाच्या कमिशनरकडे होत्या. कमिशनर म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या कलेक्टरांवरचा अधिकारी. मध्य विभागाच्या कमिशनरचे ठाणे पुण्यात होते आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक, खानदेश एवढा मुलूख त्याच्या हुकुमतीत येई. ज्याच्या एका हुकमाने माणसाचे बिऱ्हाड या टोकाच्या तालुक्यातून त्या टोकाच्या तालुक्यात जाऊन पडते, त्याची मर्जी किती मोलाची असते हे कोणत्याही काळातील सरकारी नोकराला सांगावे लागत नाही.

या जागेवर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड होता. १८६५ मध्ये मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्याची नेमणूक झाली होती आणि रस्ते, गटारे, मंडई अशी कामे धडाक्याने करणारा कर्तबगार माणूस असा त्याचा लौकिक होता. १८६९ मध्ये पुरी झालेली मुंबईची मोठी मंडई त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली; आज तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. त्याच्या कारकिर्दीत नगरपालिकेचा खर्च हाताबाहेर गेला आणि करदात्यांच्या ओरडीनंतर १८७१ मध्ये त्याला ते पद सोडावे लागले. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून पैसे उसने घेण्याची सवय त्याला होती, आणि सरकारी नियमांना ती पूर्णपणे मना होती.

लॉर्ड रे हे मुंबईचे गव्हर्नर असताना क्रॉफर्डविरुद्धच्या कुजबुजीला तक्रारीचे रूप आले. हणमंतराव राघवेंद्र नावाच्या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून नेमणुका, बढत्या आणि सोयीच्या बदल्या यांसाठी पैसे घेतले जातात, असा आरोप होता. पोलीस इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी याच्याकडे तपास सोपवण्यात आला, परंतु पैसे दिलेल्या मामलेदारांच्या जबान्यांशिवाय तपास पुढे सरकेना. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे लाच देणारा हा गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरत असल्याने जबानी देणे म्हणजे नोकरी आणि अब्रू दोन्ही स्वतःच्या हाताने पणाला लावणे होते. तेव्हा मुंबई सरकारने आश्वासन दिले की, जे खरे सांगतील त्यांच्यावर खटला होणार नाही आणि त्यांची नोकरीही जाणार नाही. या शब्दावर भरवसा ठेवून मामलेदार बोलू लागले. १८८८ च्या जुलैत क्रॉफर्डला निलंबित करण्यात आले. त्याने पुण्याहून गुपचूप मुंबई गाठली, परंतु तेथे तो पकडला गेला. हणमंतरावावर खटला चालून त्याला शिक्षा झाली.

क्रॉफर्डच्या बाबतीत मात्र फौजदारी न्यायालयाची वाट न धरता सरकारी नोकरांच्या चौकशीसाठीच्या १८५० च्या कायद्याखाली तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला आणि कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन हे त्याचे अध्यक्ष झाले. पुण्यात त्याचे काम चालू असताना एकामागून एक मामलेदार शपथेवर उभे राहून आपण पैसे दिल्याचे सांगत होते आणि वृत्तपत्रांतून ते गावोगाव वाचले जात होते. तत्कालीन वाचकाच्या मनावर याचा किती खोल परिणाम झाला असेल याची कल्पना करता येते, कारण साहेब पैसे खात नाही ही समजूत त्या राज्याच्या नैतिक दराऱ्याचा एक मोठा आधार होती. गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीला अन्य पुरावा जोडलेला नसेल तर ती विश्वासार्ह मानू नये, असा संकेत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता. आयोगानेही मामलेदारांच्या साक्षीवर भिस्त ठेवली नाही. लाचखोरीच्या आरोपांतून क्रॉफर्ड सुटला. विभागातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका शाबीत झाला आणि तेवढ्यावरून त्याला नोकरीतून दूर करण्यात आले.

खरे वादळ उठले ते यानंतर. ज्याच्याविषयी साक्षी झाल्या तो अधिकारी लाचेच्या आरोपातून मोकळा झाला, आणि साक्ष देणारे मात्र आपल्याच कबुलीजबाबाने लाच देणारे ठरले. असे मामलेदार न्यायाच्या खुर्चीवर बसून लोकांना शिक्षा कशी सुनावणार, असा प्रश्न इंग्रजी वृत्तपत्रांतून आणि इंग्लंडमध्ये विचारला गेला. शिवाय पद विकत घेणाऱ्याला ते धारण करण्यास अपात्र ठरवणारा १८०९ चा ब्रिटिश कायदाही आडवा आला. शेवटी हिंदुस्थान सरकारने १८८९ चा साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा केला आणि मामलेदारांना खटल्यांपासून अभय दिले. पण नोकरीच्या बाबतीत त्यांचे दोन गट पाडण्यात आले. दडपणाखाली पैसे दिले ते नोकरीत राहिले, आणि बढतीच्या आशेने आपण होऊन दिले त्यांना घरी बसावे लागले. मुंबई सरकारने दिलेल्या शब्दात असा भेद नव्हता.

बाळ गंगाधर टिळक तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून त्यांनी मामलेदारांची बाजू लावून धरली आणि सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात भरलेल्या जाहीर सभेत पुढाकार घेतला. त्यांचा रोख स्पष्ट होता: सरकारने वचन दिले, त्या वचनावर माणसे बोलली, आता ते पाळणे सरकारला भाग आहे. इंग्लंडच्या इतिहासात याला उत्तम दाखला होता. पदे विकल्याबद्दल १७२५ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड याच्यावर पार्लमेंटपुढे खटला चालला, तेव्हा ती पदे विकत घेणाऱ्यांनी खरे सांगावे म्हणून त्यांना दंडापासून मुक्त करणारा खास कायदा पार्लमेंटने केला होता. लंडनला जे न्याय्य वाटले ते पुण्यात अन्याय्य कसे ठरते, या प्रश्नाला सरकारकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

टिळकांची भूमिका तत्त्वतः बिनतोड होती, तरी त्या सभेत एका पक्षाची गैरहजेरी आज ठळकपणे जाणवते. मामलेदाराने दिलेला पैसा केवळ त्याच्या पगारातून आला असेल असे मानणे कठीण आहे. तो कुठून आला हे विचारायचे तर कचेरीच्या पायरीवर ताटकळणाऱ्या कुणब्याकडे जावे लागले असते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हाच शेतकरी केंद्रस्थानी आहे, आणि गोरे अधिकारी ऐषआरामात असताना त्यांच्या हाताखालचे कारकून त्याला कसे नागवतात याचे विदारक वर्णन आहे. क्रॉफर्ड प्रकरणात वरिष्ठाने कनिष्ठाला लुटल्याची चर्चा वर्षभर झाली. कनिष्ठाने रयतेला लुटल्याची चौकशी करावी, असे आयोगाला वाटले नाही आणि पुढाऱ्यांनाही ते तितकेसे सुचले नाही. मामलेदार आणि त्यांचे कैवारी बव्हंशी एकाच शिकलेल्या उच्चवर्णीय वर्गातले होते, हे या मौनाचे एक कारण मानले पाहिजे.

पुढच्या कायद्यांचा इतिहास पाहिला तर पुण्यातील तोच पेच पुन्हा पुन्हा समोर येतो. १९४७ च्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यानंतर १९५२ मध्ये दंडसंहितेत खास कलम घालून लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा करण्यात आला. १९८८ च्या नव्या कायद्यात देणाऱ्याला संरक्षणही होते: त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे, लोकसेवकाविरुद्धच्या कामात लाच दिल्याचे जो सांगेल त्याच्यावर त्या जबानीवरून खटला भरता येत नसे. १८८९ मध्ये मामलेदारांना खास कायदा करून जे अभय द्यावे लागले, ते येथे सर्वांसाठी लिहून ठेवलेले होते.

महाराष्ट्रात १९५७ मध्ये स्थापन झालेल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची ‘सापळा’ ही पद्धत याच अडचणीवर शोधलेला तोडगा आहे. तक्रारदार पैसे देण्याआधीच विभागाकडे येतो. पंचांसमक्ष नोटांचे क्रमांक लिहून घेतले जातात आणि त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी भुकटी लावली जाते. नोटा स्वीकारणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की ते पाणी गुलाबी होते. अशा रीतीने देणारा हा साथीदार न राहता फिर्यादी ठरतो आणि त्याच्या शब्दाला पंच, नोटा आणि रंगलेले पाणी यांचा आधार मिळतो, जो १८८८ च्या साक्षीदारांना मिळाला नव्हता. परंतु सापळ्यात बहुधा तलाठी, हवालदार, कारकून असे थेट हातात पैसे घेणारे सापडतात. मध्यस्थ ठेवणारा क्रॉफर्डसारखा वरिष्ठ या पद्धतीत सहसा अडकत नाही.

२०१८ च्या दुरुस्तीने २४ वे कलम काढून टाकले. आता लाच देणाराही शिक्षेस पात्र आहे. सापळ्यासाठी आधीच कळवणारा तक्रारदार सोडला तर अपवाद आहे तो ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याचा, आणि त्यानेही सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपासयंत्रणेला कळवले असेल तरच. दडपणाखाली देणारा आणि आपण होऊन देणारा यांच्यातील १८८९ चा भेद अशा रीतीने परत आला आहे आणि त्याला मुदतही जोडली गेली आहे. क्रॉफर्डच्या विभागातील मामलेदारांनी तोंड उघडले ते तो निलंबित होण्याच्या सुमारास, पैसे देऊन बराच काळ लोटल्यावर आणि सरकारचा शब्द मिळाल्यावर. सात दिवसांची अट तेव्हा असती, तर दडपणाखाली पैसे दिलेल्यांनाही तिचा आसरा घेता आला नसता.