उसनी नावे

संगणकभाषांचा इतिहास बहुधा समित्यांचा असतो. १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत फंक्शनल भाषांच्या अभ्यासकांनी एक समाईक भाषा घडवायचे ठरवले. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव तिला मिळाले. पहिल्या अहवालावर तारीख आहे १ एप्रिल १९९०. थट्टा मात्र नव्हती.

हॅस्केलमध्ये आपली कोणती नावे बाहेर द्यायची हे प्रत्येक मॉड्यूल स्वतः ठरवते. दुसऱ्याकडून घेतलेले नावही पुढे देता येते. ही पुनर्निर्यात. एकाच दुकानात सगळे सामान मिळावे तशी ती सोय आहे. फक्त माल मुळात कोणाचा, हे गिऱ्हाईक हळूहळू विसरते.

'एमटीएल' या लायब्ररीच्या बाबतीत नेमके हेच घडले. मार्क जोन्स यांच्या १९९५ च्या निबंधातून ती स्फुरली. तिची मॉड्यूले 'बेस' पॅकेजातले 'कंट्रोल.मोनॅड' हे अख्खे मॉड्यूल पुढे देत. साहजिकच 'व्हेन', 'अनलेस' यांसारखी रोजची फंक्शने अनेकांच्या प्रोग्रॅममध्ये एमटीएलच्या हातून आली.

मे २०२२ मध्ये २.३ आवृत्तीने ही पुनर्निर्यात बंद केली. फंक्शने बेसमध्ये जागच्या जागी होती, तरी कंपायलर म्हणू लागला की हे नाव मला माहीत नाही. दुरुस्ती एका ओळीची: कंट्रोल.मोनॅड थेट आयात करा. पण ज्या पॅकेजाचा कर्ता केव्हाच दुसऱ्या कामाला लागला, तिथे ती ओळ लिहायची कोणी?

नियमाने पाहता चूक कोणाचीच नव्हती. हॅस्केलच्या आवृत्ती-संकेतानुसार पहिले दोन आकडे मिळून मोठा बदल दर्शवतात, २.२ चे २.३ झाले, म्हणजे मोडतोडीची सूचना आधीच दिलेली. शिवाय अख्खे मॉड्यूल पुढे देणे धोक्याचेच. बेसने त्यात नवे नाव घातले की ते एमटीएलमधूनही बाहेर पडणार, आणि एमटीएलचा आकडा मात्र तोच राहणार. दुसऱ्याच्या घरातला बदल आपल्या शब्दाला बाधतो तो असा. माझ्या मते निर्णय योग्य होता. त्याची किंमत मात्र निर्णय न घेणाऱ्यांनी मोजली.

सप्टेंबरात २.३.१ आली. 'एक्सेप्ट-टी' व त्याची सोबतची फंक्शने संबंधित मॉड्यूलमधून पुन्हा मिळू लागली. कंट्रोल.मोनॅड मात्र परतले नाही. ज्यांनी आपल्या पॅकेजात 'एमटीएल २.३ पेक्षा जुनी' अशी मर्यादा आधीच लिहिली होती, त्यांच्या घरी यातले काहीच पोचले नाही.