बगनिवड (डेबियन प्रकल्प)

बगनिवड : सॉफ्टवेअरमधील नोंदलेल्या दोषांपैकी, म्हणजे बगपैकी, कोणता आधी हाताळायचा, कोणता मागे ठेवायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे ठरवण्याची रीत. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीत ही रीत लेखी आहे आणि कोणालाही वाचता येते. १९९७ च्या सामाजिक करारात दोष लपवणार नाही असे वचन दिलेले असल्यामुळे बगची नोंदवहीही सर्वांसाठी खुली असते. २०२१ मध्ये तिच्यातील अनुक्रमांकाने दहा लाखांचा टप्पा गाठला.

प्रत्येक बगला सातपैकी एक तीव्रता दिली जाते : क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर, विशलिस्ट. पहिल्या तीन तीव्रता ‘रिलीज क्रिटिकल’, म्हणजे नवी आवृत्ती अडवणाऱ्या, मानल्या जातात. एखादे पॅकेज, म्हणजे डेबियनमधला एखादा सॉफ्टवेअर-संच, दुसऱ्याच सॉफ्टवेअरला बिघडवत असेल तर क्रिटिकल. स्वतःच निरुपयोगी झाले असेल तर ग्रेव्ह. प्रकल्पाच्या धोरणाचा गंभीर भंग करत असेल तर सीरियस. विशलिस्टमध्ये नव्या सोयींच्या मागण्या असतात, तसेच मूळ रचनेमुळे दुरुस्त करणे फार अवघड असलेले बगही असतात. तिथे पडलेला बग क्षुल्लकच असतो असे नाही.

तीव्रतेवरून परिणाम किती मोठा ते कळते; कामाचा क्रम मात्र तिच्यावरून ठरत नाही. डेबियनच्या घटनेने कोणावरही काम करण्याचे बंधन घातलेले नाही. पॅकेज सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, सहसा नोकरी करून उरलेल्या वेळात बसतो आणि ज्या बगची वाट दिसते तो हाती घेतो. ‘प्रोग्रॅम चालत नाही’ एवढ्याच ओळीवर ‘मोअरइन्फो’ची खूण लागते आणि ती तक्रार महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. आवृत्ती, नेमकी दिलेली आज्ञा, अपेक्षित काय होते आणि पडद्यावर काय आले, एवढे लिहिलेले असेल तर मेंटेनर तोच बिघाड आपल्या यंत्रावर घडवून पाहतो. अर्धे काम तिथेच होते. सोबत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तयार कोड, असेल, तर नॉर्मल बगही इम्पॉर्टंटच्या आधी सुटू शकतो. याला अन्याय म्हणता येणार नाही, कारण तक्रार करणाऱ्याने आपल्या श्रमाचा वाटा उचललेला असतो.

रिलीज क्रिटिकल बगला मात्र मुदत असते. तो सुटला नाही तर पॅकेज ‘टेस्टिंग’ या, पुढच्या आवृत्तीची तयारी चालणाऱ्या, शाखेतून आपोआप वगळले जाते. अत्यावश्यक पॅकेजांना यातून सूट आहे. मेंटेनर गप्प राहिला तर दुसरा सदस्य त्याच्याऐवजी दुरुस्ती चढवू शकतो; याला ‘नॉन-मेंटेनर अपलोड’ म्हणतात. नवी आवृत्ती निघण्याआधी स्वयंसेवक एकत्र बसून असे बग निकाली काढतात. या बैठकांना ‘बग स्क्वॉशिंग पार्टी’ म्हणतात.

बग न सुटण्याइतकाच तो चुकीचा सुटण्याचाही धोका असतो. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या, कूटलेखनाच्या किल्ल्या बनवणाऱ्या, पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंड हे तपासणी-साधन न भरलेल्या स्मृतीबद्दल इशारे देत होते. ते थांबवण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या. त्याआधी मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारलेही होते. पण त्यांतली एक ओळ यादृच्छिकतेची सामग्री मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्यामुळे ठरावीक प्रकारच्या व लांबीच्या शक्य किल्ल्या ३२,७६८ वर आल्या. लुचियानो बेल्लो यांना ही गोष्ट आढळली आणि १३ मे २००८ रोजी ती जाहीर झाली. जगभरच्या व्यवस्थापकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. तेव्हा निरुपद्रवी इशारा तसाच राहू देणे हाही निवडीचा भाग आहे, आणि अनुभवी मेंटेनर तो आळसाने नव्हे, जबाबदारीने निवडतात.

ज्या भाषेचा वाचक मेंटेनरांत नसतो, त्या भाषेतील बगचे मोल ओळखले जाणे अवघड असते. मराठीत ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द. एखाद्या फॉन्टने ‘ऱ्या’तला अर्धा र रफार करून दाखवला, तर डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो. मराठी न वाचणाऱ्याला मात्र तो अक्षराच्या वळणातला किरकोळ फरक वाटेल आणि बग मायनरमध्ये जाईल. अशा वेळी दोन्ही शब्दांची चित्रे, त्यांचे अर्थ आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक तक्रारीत द्यावा. मग मराठी न येणाऱ्या मेंटेनरलाही चूक दिसते आणि दुरुस्तीनंतर ती गेली की नाही हे तपासता येते.