स्वभावाचीं मोजमापें

कल्याण सोडून पुण्याकडे निघालें कीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें ओळीनें लागतात. पैकीं उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासित राहिले व १९४९ सालीं त्या वसाहतीस आजचें नांव मिळालें. या छावणीची आठवण होण्याचें कारण असें कीं, मनुष्यस्वभाव प्रश्नावलीनें मोजण्याची युक्तीहि लष्करी गरजेंतूनच निघाली. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं अमेरिकेंत वुडवर्थ यांनीं, रणधुमाळींत न टिकणारीं मनें आधींच ओळखतां यावीं म्हणून, ‘होय’ वा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर मागणारे शंभरावर प्रश्न योजिले. झोप नीट लागते काय, हा त्यांतलाच एक.

पुढें अशा प्रश्नावलींचें पीकच आलें. १९३१ मध्यें बर्नरॉयटर यांनीं १२५ प्रश्नांवरून मनाची अस्थिरता, स्वावलंबन, अंतर्मुखता व वर्चस्ववृत्ति असे चार गुण मोजले. पण ताडून पाहतां अस्थिरतेचे व अंतर्मुखतेचे आंकडे जवळजवळ बरोबरीनेंच चढत-उतरत. एकाच दागिन्यास दोन सोनारांनीं निराळीं नांवें द्यावीं, तसाच हा प्रकार! १९३५ मध्यें फ्लॅनॅगन यांनीं चारांचें काम दोहोंनीं भागतें असें गणितानें दाखविलें. जे आंकडे एकत्र हलतात त्यांचें मूळ एक मानावें, ही या गणितांतील मेख. तरी मुळें किती, यावर एकमत होईना. आयझेंक १९४७ मध्यें दोन सांगतात, तर कॅटेल १९४९ मध्यें सोळा! अखेर १९८० नंतर कॉस्टा व मॅक्रे यांनीं निरनिराळ्या पंडितांच्या प्रश्नावली त्याच माणसांकडून भरून घेऊन ताडल्या, तेव्हां बहुतेकांचा मेळ पांच गुणांत बसला: अस्थिरता, बहिर्मुखता, नवानुभवाची आवड, सौजन्य व कर्तव्यदक्षता.

हे श्रम आम्हांस मोलाचे वाटतात. परंतु ताडून निघतें तें विचारलेल्यांतूनच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत समर्थांनीं रंगविलेला पढतमूर्ख असली प्रश्नावलि बिनचूक भरून देईल, अशी आमची खात्री आहे. शिवाय १९४९ च्या बराकींत बिऱ्हाड थाटलेल्या एखाद्या गृहस्थानें झोपेच्या प्रश्नास ‘नाहीं’ म्हटलें असतें, तर तो स्वभाव म्हणावयाचा कीं परिस्थिति? कॉस्टा व मॅक्रे म्हणतील कीं, तींच माणसें कित्येक वर्षांनीं पुन्हां तपासलीं तरी आंकडे फारसे ढळले नाहींत. तें खरें आहे. मात्र तीं बाल्टिमोरचीं बहुतेक सुशिक्षित, स्थिरस्थावर माणसें होतीं. एका पेटीनिशीं कराची सोडून आलेलीं नव्हतीं.