मोजणी बरोबर होती

रोमानियाच्या राज्यघटना न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, त्या वेळी मतदान चालू होते. देशात दुसरी फेरी ८ तारखेला व्हायची होती. पण परदेशांतल्या केंद्रांवर ती सुरू झाली होती आणि हजारो स्थलांतरितांनी शिक्का मारून मतपत्रिका पेटीत टाकल्याही होत्या. ती सगळी मते त्या दिवशी बाद झाली. साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोपात झालेल्या निवडणुकांविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. बोगस याद्या, गायब पेट्या, रातोरात बदललेले आकडे हे सगळे त्या वाचनात भेटते. इथे वाद त्याचा नव्हताच. चारच दिवसांपूर्वी, फेरमोजणी करायला लावून, याच न्यायालयाने पहिल्या फेरीचा निकाल ग्राह्य धरला होता. आक्षेप होता तो मत पेटीत पडण्याआधी जे घडले त्यावर. आणि या देशात तो आक्षेप नवा नाही.

२५ डिसेंबर १९८९ ला निकोलाय चाउशेस्कू आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या घालण्यात आल्या. सत्ता हाती घेतली ती राष्ट्रीय मुक्ती आघाडीने. तिचे प्रमुख इयॉन इलिएस्कू हे एके काळी साम्यवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सचिव होते. आपण निवडणुका होईपर्यंतचे विश्वस्त, अशी आघाडीची सुरुवातीची भूमिका. २३ जानेवारीला तिने स्वतःच निवडणूक लढवण्याचे जाहीर केले. सरकार तिचे, यंत्रणा तिची, आणि दूरचित्रवाणी सरकारी. समोर चाळीस वर्षे बंदीत काढलेले उदारमतवादी आणि शेतकरी पक्ष, ज्यांचे म्हातारे पुढारी तुरुंगातून किंवा परदेशातून नुकतेच परतलेले. २० मे १९९० ला मतदान झाले आणि इलिएस्कूंना ८५ टक्के मते पडली. ऑर्थोडॉक्स पंचांगात तो रविवार जन्मांधाला दृष्टी मिळाल्याच्या कथेचा. विरोधकांनी त्याचे नाव 'आंधळ्यांचा रविवार' असेच पाडून टाकले.

त्या नावात कडवटपणा आहे, आणि मतदारांवर थोडा अन्यायही. लोक आंधळे नव्हते. चाउशेस्कूने कर्जफेडीसाठी धान्य आणि मांस निर्यात केले, घरे थंड ठेवली, गर्भपातावर बंदी घालून हजारो बायकांचा जीव घेतला. नव्या सत्तेने पहिल्या काही दिवसांतच ती बंदी उठवली, दुकानांत माल आणला, घरांत ऊब आणली. इलिएस्कू बरोबरीच्या मैदानावरही जिंकले असते, असे मला वाटते. पण ८५ टक्के मिळाले असते का, याचे उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही, आणि तेच त्या निवडणुकीचे दुखणे होऊन बसले.

क्रांतीची ठिणगी जिथे पडली त्या तिमिशोआरा शहराने हे आधीच ओळखले होते. ११ मार्च १९९० ला तिथे वाचलेल्या जाहीरनाम्यातले आठवे कलम मागत होते की पहिल्या सलग तीन संसदांसाठी साम्यवादी पक्षाचे जुने पदाधिकारी आणि गुप्त पोलीस यांना उमेदवारीच देऊ नये. बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात तरुण याच मागणीसाठी ठाण मांडून बसले. इलिएस्कूंनी त्यांना 'गोलान' म्हणजे उनाडटप्पू म्हटले. पोरांनी ती शिवी बिल्ल्यासारखी मिरवली. जूनमध्ये झिऊ खोऱ्यातले खाणकामगार राजधानीत उतरले, त्यांनी लाठ्याकाठ्यांनी विद्यार्थी झोडपले, आणि नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे आभार मानले. त्या प्रकरणाचा खटला पुढे रेंगाळतच राहिला. निकाल लागण्याआधीच, ५ ऑगस्ट २०२५ ला, इलिएस्कू वारले.

मधल्या काळात गाडी रुळावर आल्यासारखी वाटत होती. १९९६ मध्ये इलिएस्कू हरले आणि निमूटपणे पायउतार झाले. २०१४ मध्ये परदेशांतल्या केंद्रांबाहेर तासन्‌तास रांगा लावूनही अनेकांना मत देता आले नाही, त्यापायी एकामागोमाग दोन परराष्ट्रमंत्र्यांना जावे लागले. रांगेतल्या माणसाची इतकी पत्रास ठेवली गेली, याचे मला तेव्हा अप्रूप वाटले होते.

दहा वर्षांनी, २४ नोव्हेंबर २०२४ ला, मतदानपूर्व चाचण्यांत मागे असलेले कालिन जॉर्जेस्कू जवळपास २३ टक्के मते घेऊन पहिले आले. प्रचारखर्च त्यांनी दाखवला होता शून्य. ४ डिसेंबरला खुल्या केलेल्या गुप्तचर टिपणांनुसार टिकटॉकवरची सुमारे २५ हजार खाती मतदानाआधीच्या दोन आठवड्यांत त्यांच्यासाठी एकदम जागी झाली होती आणि एका खातेदाराने ३ लाख ८१ हजार डॉलर वाटले होते. दोन दिवसांनी न्यायालयाने स्वतःहून निवडणूक रद्द केली.

त्या दिवशी मला निर्णय योग्य वाटला होता, हे कबूल करतो. नंतर टिपणे आणि निकालपत्र नीट वाचले, तेव्हा पाय डळमळले. टिपणांत संशय भरपूर, पण रशियाचे बोट दाखवता येईल असा पुरावा तुटपुंजा. डिसेंबर सरता सरता शोधपत्रकारांनी छापले की टिकटॉकवरच्या एका मोहिमेचे पैसे सत्तेतल्या नॅशनल लिबरल पक्षाचे होते; मोहीम परस्पर दुसरीकडे वळवली गेली, असे पक्षाचे म्हणणे. न्यायालयाचे नऊही न्यायाधीश संसदेची दोन सभागृहे आणि राष्ट्राध्यक्ष नेमतात. आणि पहिल्या फेरीत तिसरे येऊन बाहेर पडलेले पंतप्रधान मार्चेल चोलाकू कोणाचे? १९९० च्या त्याच आघाडीतून निघालेल्या समाजवादी लोकशाही पक्षाचे. या घराण्याचा उमेदवार अंतिम लढतीत नाही, असे १९८९ नंतर प्रथमच झाले होते. मग ज्यांनी जॉर्जेस्कूंना मत दिले त्यांनी काय समजायचे? युरोपीय परिषदेच्या व्हेनिस आयोगानेही जानेवारीत बजावले की निव्वळ गुप्त माहितीच्या भरवशावर असा निर्णय घेऊ नये.

मार्च २०२५ मध्ये जॉर्जेस्कूंना फेरनिवडणुकीतून वगळण्यात आले. उमेदवार कोण असावा हे मतदारांआधी ठरवण्याची जी मुभा आठव्या कलमाने कायद्यातून, उघडपणे आणि ठरावीक मुदतीपुरती मागितली होती, ती न्यायालयाने आता स्वतःच्या अन्वयार्थातून घेतली. विद्यापीठ चौकातल्या पोरांना हे मिळाले नव्हते; मिळाले असते तर त्यांचेही टीकाकार हेच म्हणाले असते, हे मात्र विसरता येत नाही.

१८ मे २०२५ ला गणितज्ञ आणि बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान ५३.६ टक्के मतांनी निवडून आले. हरलेले जॉर्ज सिमियोन यांनी रात्री अभिनंदन केले आणि दोन दिवसांत निवडणूक रद्द करा म्हणून त्याच न्यायालयाकडे धाव घेतली. वाट आता मळलेली होती. न्यायालयाने अर्ज फेटाळला.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाभियोक्त्यांनी जॉर्जेस्कूंवर घटनात्मक व्यवस्थेविरुद्धच्या कटात साथ दिल्याचे आरोपपत्र ठेवले. तिथे साक्षीदार उभे राहतील, त्यांची उलटतपासणी होईल. डिसेंबर २०२४ मध्ये जे मतदारांना दाखवले गेले नाही ते त्या कामकाजात किती बाहेर येते, हे पाहायला मी थांबलो आहे.