गहू, आतडे आणि मेंदू

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात 1887 साली डॉक्टर सॅम्युएल गी यांनी सीलिअ‍ॅक या आतड्याच्या विकारावर व्याख्यान देताना, हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असा निर्वाळा दिला खरा. परंतु आहारातील अपराधी गहू होय, हा फैसला व्हायला हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा 1950 चा प्रबंध यावा लागला. त्यानंतर लवकरच दोष गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाकडे गेला.

रोगाचा मुक्काम आतड्यातच, हे वैद्यकाने इतके गृहीत धरले होते की रुग्णाच्या हातापायांची बधिरता आणि झोकांड्या खाणारी चाल ही कुपोषणाच्या खाती बिनतक्रार जमा होत असे. 1966 मध्ये कुक आणि स्मिथ या डॉक्टरांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा 16 सीलिअ‍ॅक रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा या समजुतीस धक्का बसला. पाय फाकवल्यावाचून चालता न येणाऱ्या या माणसांपैकी जे दगावले, त्यांच्या मज्जासंस्थेत दाहाच्या खुणा सापडल्या, लहान मेंदूतील, तोल सांभाळणाऱ्या पर्किंजे पेशी झडलेल्या दिसल्या. आणि केवळ जीवनसत्त्वांच्या तुटीने या साऱ्याची उपपत्ती लागेना. तरीही पोटाचे वैद्य पोटाकडे आणि मेंदूचे वैद्य मेंदूकडे पाहत राहिले, व आणखी तीस वर्षे गेली.

1996 मध्ये शेफील्डचे मज्जाविकारतज्ज्ञ मारिओस हाजिवासिलिऊ यांनी प्रश्नच उलटा केला. ज्यांच्या मज्जाविकाराचे कारण सापडत नव्हते अशांचे रक्त त्यांनी तपासले, तो 57 टक्क्यांत ग्लायडिन या ग्लुटेनच्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे निघाली. निरोगी माणसांत हे प्रमाण 12 टक्के, आणि कारण ज्ञात असलेल्या मज्जारुग्णांत अवघे 5. प्रतिपिंडे निघालेल्या त्या रुग्णांतील कित्येकांचे आतडे निर्दोष होते, हे विशेष. पुढे त्यांच्याच 2003 च्या अहवालात, तोल गेलेल्या अशा रुग्णांपैकी ग्लुटेन कटाक्षाने वर्ज्य करणाऱ्या 26 जणांचा तोल वर्षभरात सुधारल्याची, आणि पथ्य नाकारणाऱ्या 14 जणांस तो लाभ न झाल्याची नोंद आहे. पथ्य म्हणजे गव्हाबरोबर जव आणि राय ही धान्येही बंद. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या माणसाला ते युरोपीयाइतके जड जाऊ नये.

नष्ट झालेल्या पर्किंजे पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून कारणावाचून तोल जाऊ लागल्यास या प्रतिपिंडांची रक्ततपासणी लांबवू नये. मात्र ती होण्यापूर्वी गहूही सोडू नये, कारण गहू सोडला की प्रतिपिंडे उतरतात आणि निदान हातचे जाते.