रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे बोल्ट: निळा लॉकर लावायचा की लाल?

नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागांत रोटाव्हेटर चालतो तेव्हा गिअरबॉक्सला सतत हादरे बसतात. बोल्ट हळूहळू ढिले होतात, जोडातून ऑइल गळते आणि ते संपले की गिअर, बेअरिंग खराब होतात. इथे बोल्ट धरून ठेवणे आणि जोड बुजवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पहिले काम थ्रेडलॉकरचे. तो हवा नसताना, धातूला लागून घट्ट होतो. म्हणून त्याच्या बाटलीत मुद्दाम हवा सोडलेली असते; अर्धी बाटली म्हणजे फसवणूक नव्हे. अमेरिकेतले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हा प्रकार आणला, तोच लॉकटाइट. सिलिकॉन सीलंट याच्या उलट, हवेतल्या ओलाव्याने सुकतो. तो आट्यांत भरून बोल्ट थांबत नाही.

हाऊसिंगच्या बोल्टला मध्यम ताकदीचा, बहुधा निळा, लॉकर पुरतो. पुढे साध्या पान्याने बोल्ट सुटतो. लाल लावल्यास सुमारे २५० अंश तापवावे लागते आणि शेजारचे ऑइल सील जाते. रंग मात्र सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, ग्रेड वाचावा.

आटे ग्रीस काढून कोरडे करावेत. बंद भोकात थेंब तळाशी टाकावा, नाहीतर कोंडलेली हवा तो वर ढकलते. सिलिकॉनची बारीक रेघच ओढावी. जास्तीचे तुकडे सुटून ऑइलमध्ये फिरतात. ऑइल २४ तासांनी भरावे.